ओल्या फरशीवर दिवसभर वावरणाऱ्यांच्या बुटांची टाच कशी असावी?

फोंडेकर:

सर्व सभासदांना नमस्कार. फोंड्यात आमचे पादत्राणे बनवण्याचे लहानसे वर्कशॉप आहे. बुटाचा वरचा भाग आम्ही स्वतः कापतो, शिवतो आणि कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, चढवतो. तळ आणि टाच मात्र आजवर एकसंध साच्यातून निघालेली, तयार विकत आणून चिकटवत आलो आहोत. कळंगुट परिसरातील एका हॉटेलाच्या कर्मचाऱ्यांसाठी बूट पुरवण्याचे काम आमच्याकडे आले असून, त्या निमित्ताने टाचेचा आराखडा मुळापासून नव्याने करावा असे मनात आहे.

गरज दोन प्रकारची आहे. स्वागतकक्षात आणि भोजनगृहात वावरणाऱ्यांना चामड्याचे साधे काळे शूज हवे आहेत. त्यांच्या पायाखाली गुळगुळीत ग्रॅनाइट असते आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाहुण्यांच्या छत्र्यांतून व चपलांतून आलेल्या पाण्याने ते सतत ओले राहते. स्वयंपाकघर आणि धुलाईघर सांभाळणाऱ्यांना घोट्यापर्यंतचे बूट हवेत. तेथे पाण्याच्या जोडीला तेल आणि साबणही आहे. शिवाय दोघांनाही मागच्या अंगणातल्या चिऱ्यांवरून रोज ये-जा करावी लागते, आणि जांभ्या दगडाचा चिरा रबराला कानशीसारखा खातो.

त्यांचे जुने बूट मी मागवून पाहिले. बाकीचा तळ चांगला असतानाही जवळजवळ प्रत्येक जोडीची टाच मागच्या बाजूला, बाहेरच्या कोपऱ्यात तिरकी झिजलेली आहे. काही जोड्या फारशा वापरलेल्याही नाहीत, नुसत्या कपाटात ठेवलेल्या होत्या. तरी त्यांची टाच अंगठ्याने दाबताच तिचा भुगा होतो.

टाचेची उंची किती ठेवावी, मागची कडा सरळ असावी की तिरकी, पदार्थ कोणता घ्यावा आणि झिजणारा थर वेगळा काढून बदलता येईल अशी रचना आमच्यासारख्या लहान कारागिरांना जमण्याजोगी आहे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. तळावर ‘अँटी-स्लिप’ असे छापलेला माल बाजारात पुष्कळ मिळतो. त्या छापापेक्षा त्यामागचे कारण समजून घेण्यात मला अधिक रस आहे.

कलबूत:

फोंडेकर, प्रश्न नेमका विचारला आहे म्हणून सविस्तर लिहितो. माझी नोकरी बूट बनवणाऱ्या कारखान्यांच्या नमुना विभागात झाली. निवृत्तीनंतर डिचोलीला असतो.

बाहेरचा कोपरा झिजणे हा बहुतेकांच्या बाबतीत बुटाचाही दोष नव्हे आणि पायाचाही नव्हे. चालताना पाऊल जमिनीला टेकते तेव्हा ते किंचित बाहेरच्या कडेवर कललेले असते, त्यामुळे पहिला स्पर्श टाचेच्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्याचा होतो. त्याच क्षणी शरीराचा भार त्या पायावर येऊ लागतो आणि स्थिर होण्यापूर्वी टाच काही मिलिमीटर पुढे सरकते, जे आपल्याला जाणवतही नाही. एवढ्याशा जागेवर भार आणि घसट एकत्र आल्यावर तेथले रबर आधी जाणारच. म्हणून झीज थांबवण्याच्या मागे न लागता ती कोठे होणार हे आधीच माहीत आहे असे धरून आराखडा करावा.

यातून माझी पहिली सूचना निघते. टाचेची मागची कडा काटकोनात न ठेवता शेवटचे 10 ते 15 मिलिमीटर वरच्या दिशेने सात ते दहा अंशांनी तिरके करावे आणि बाहेरच्या अंगाला हा उतार थोडा अधिक फिरवून घ्यावा. काटकोनी टाच जमिनीला एका रेषेत भिडते. तिरकी केलेली टाच त्याच क्षणी एका पट्ट्यावर भिडते, त्यामुळे दाब वाटला जातो आणि पकड लवकर मिळते. नवा बूट काही आठवडे वापरल्यावर ‘पायाला बसतो’ असे जे लोक म्हणतात, त्यात हा उतार माणसाने स्वतः झिजवून घेतलेला असण्याचाही भाग असतो. मात्र उतारावर नक्षी असलीच पाहिजे. साच्याचा खर्च वाचवण्यासाठी अनेक तयार तळांत उताराची जागा नेमकी गुळगुळीत सोडलेली दिसते, आणि ओल्या ग्रॅनाइटवर पहिला स्पर्श तिचाच होतो.

दुसरी सूचना अशी की टाच एकसंध ठेवू नये. वरचा गाभा भार पेलण्यासाठी आणि खालचा सहा ते आठ मिलिमीटरचा थर, ज्याला आपल्याकडे सरसकट टिप म्हणतात, तो झिजण्यासाठी. गाभा चामड्याच्या थरांचा, लेदरबोर्डाचा, म्हणजे चामड्याच्या चुऱ्याच्या दाबलेल्या पुठ्ठ्याचा, किंवा कडक रबराचा चालेल. लेदरबोर्ड घेतल्यास तो पाणी पितो हे लक्षात ठेवून कडा मेणाने नीट बंद कराव्या लागतील. तुम्ही आणता त्या एकसंध तळांची टाच वजन वाचवण्यासाठी आतून पोकळ असते, नुसत्या आडव्या-उभ्या फासळ्या असतात. एकदा कोपरा त्या पोकळीपर्यंत झिजला की पावसाचे पाणी आत शिरते, आणि अशा बुटाची दुरुस्ती करणे जवळजवळ अशक्य असते.

इंग्लंडमधील जुन्या कारागिरांची एक पद्धतही उपयोगी पडेल. ते चामड्याच्या टिपेत केवळ मागच्या-बाहेरच्या चतुर्थांशात रबराचा तुकडा सांधून बसवीत असत. तुम्ही हेच दोन प्रकारच्या रबरांत करू शकता: संपूर्ण टिप मऊसर, पकड देणारी, आणि तो कोपरा अधिक कडक. अर्थात त्यामुळे डाव्या-उजव्या टिपा वेगवेगळ्या ठेवाव्या लागतील. कडकपणाचा अंदाज हवा असेल तर शोअर ए मापावर 60 ते 70 च्या दरम्यान पकड आणि टिकाऊपणा यांचा बऱ्यापैकी मेळ बसतो. 90 च्या आसपासची टिप चिऱ्यांवर पुष्कळ टिकेल, पण ओल्या ग्रॅनाइटवर माणूस पाडेल. लोखंडी नालेचा विचार तुमच्या मनात येणार नाही असे गृहीत धरतो.

उंचीविषयी एकच गोष्ट सांगतो, कारण येथेच बरेच नमुने बिघडतात. टाचेची उंची आपण ठरवत नाही, ती कलबूत ठरवते. 25 मिलिमीटरसाठी घडवलेल्या कलबुतावर चढवलेल्या बुटाला 32 ची टाच लावली, तर बुटाच्या पुढच्या टोकाची जमिनीपासूनची उचल नाहीशी होते, टाच आणि चवडा यांच्यामधली पोलादी पट्टी, म्हणजे शँक, चुकीच्या कोनात येते आणि बूट चालताना पुढे ढकलू लागतो. दोन-तीन मिलिमीटरचा फरक खपून जातो, त्याहून अधिक नाही. म्हणूनच टिपेची जाडी मूळ हिशेबात धरून गाभा तितका कमी करावा. टिप वरून जादा लावू नये.

रबरी टाचेचा इतिहास तुमच्या गिऱ्हाइकांशी जुळणारा आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील लॉवेल येथे हम्फ्री ओसलिव्हन या छापखान्यातील कामगाराने 1899 मध्ये तिचे पेटंट घेतले. दगडी फरशीवर दिवसभर उभे राहून पाय दुखतात म्हणून तो रबराच्या चटईवर उभा राही, ती चटई सहकारी उचलून नेत, तेव्हा त्याने तिचे तुकडे कापून बुटाच्या टाचांना ठोकले, अशी हकीकत सांगितली जाते. हकीकतीत मीठमसाला असेल. पण कठीण फरशीवर उभ्याने काम करणाऱ्याच्या गरजेतूनच ही वस्तू आली, हे पटण्यासारखे आहे.

खोर्लीकर:

कलबूतकाकांचे म्हणणे मान्य आहे, तरी एक शंका विचारतो. झीज जर नेहमी एकाच कोपऱ्यात होत असेल, तर टिप गोल करून मधोमध स्क्रूने बसवावी आणि दर महिन्याला थोडी फिरवावी, म्हणजे ती सर्व बाजूंनी सारखी झिजेल आणि तिप्पट-चौपट टिकेल. हे कोणी का करत नाही?

कलबूत:

हे झालेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये फिरत्या गोल रबरी टाचा रीतसर विकल्या जात होत्या आणि त्यांच्या जाहिरातींत तुम्ही म्हणता तोच युक्तिवाद असे. अडचण भूमितीची आहे. कोपरा तिरका झिजल्यानंतर टिप फिरवली, तर ती पाचर आतल्या बाजूला येते आणि पाऊल आत कलते. म्हणजे झीज सारखी होईपर्यंत माणूस काही आठवडे वाकड्या टाचेवर चालतो. पाचर तयार होण्यापूर्वीच, एखादा मिलिमीटर झीज असताना फिरवली तरच लाभ, आणि इतक्या शिस्तीने स्क्रूड्रायव्हर घेऊन बसणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. शिवाय बुटाच्या टाचेचा आकार मागे गोल आणि पुढे सरळ असतो. पूर्ण गोल टिप तिच्यात बसवली की पुढचे दोन कोपरे आधाराविना राहतात. गोव्याच्या वाळूत त्या मधल्या स्क्रूचे काय होईल, ते तुम्हीच ठरवा.

स्वाती, मडगाव:

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हॉटेलांत काम करणारे बरेच जण माझ्याकडे टाच, पोटरी आणि कंबर दुखते म्हणून येतात. आराखड्याविषयी वर आलेल्या माहितीत पायाच्या बाजूने थोडी भर घालते.

उंची मोजताना टाचेखालची जाडी आणि चवड्याखालची जाडी यांतला फरक पाहावा. पायाला जाणवतो तो हा फरक. टाचेखाली 30 आणि चवड्याखाली 10 मिलिमीटर असेल, तर पाय 20 वरच उभा आहे. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी हा फरक 15 ते 25 मिलिमीटर असावा असे मी सांगते. त्याहून वर गेल्यास भार चवड्यावर सरकू लागतो, पोटरीचे स्नायू आखडलेल्या अवस्थेत राहतात आणि गुडघ्यावरचा ताण वाढतो. उंच टाचांमुळे गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येणारा भार वाढतो, हे दाखवणारे संशोधन 1998 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले होते, आणि पुढे रुंद टाचेच्या उंच बुटांतही तसेच आढळले. त्यामुळे स्वागतकक्षातील मुलींना ‘हील उंच असली तरी ब्लॉक आहे’ असे सांगून दिलासा देण्यात फारसा अर्थ नाही. रुंद टाचेमुळे पाय मुरगळण्याचा धोका कमी होतो, हे मात्र खरे आहे.

उलट टोकही टाळावे. वर्षानुवर्षे 25 मिलिमीटरच्या टाचेची सवय असलेल्या पन्नाशीच्या माणसाला एकदम सपाट बूट दिला, तर टाचेमागच्या मोठ्या स्नायुबंधावर, म्हणजे अकिलिस टेंडनवर, ताण येतो आणि तो मला भेटायला येतो.

आता मऊपणाविषयी. टाच जितकी मऊ तितकी चांगली, असा एक समज आहे. चालताना टाच टेकते त्या वेळी बसणारा धक्का शोषण्यासाठी मऊ थर लागतो, पण तासन्‌तास उभे राहणाऱ्याला धक्का नव्हे, दाब त्रास देतो. बाहेरची टाच फार मऊ केली की ती झिजलेल्या बाजूला अधिक दबते आणि पाऊल आणखी कलते. म्हणून टाच बाहेरून घट्ट ठेवून मऊ थर आत, सुकतळ्याखाली, टाचेला किंचित वाटीसारखा आकार देऊन घालावा. मधुमेही रुग्णांच्या चपलांसाठी वापरतात ते सूक्ष्म छिद्रांचे मऊ रबर, म्हणजे एमसीआर, या कामाला उत्तम आहे. ईव्हीए नावाचा स्वस्त, हलका फोम काही महिन्यांत दबून कायमचा बसतो. सुकतळा काढता-घालता येणारा ठेवलात तर पावसाळ्यात तो वाळवताही येईल.

एक विनंती अशी की एखाद्याची झीज आतल्या बाजूला असेल किंवा एका पायाची दुसऱ्यापेक्षा फार वेगळी असेल, तर टाचेला पाचर लावून ती ‘सरळ’ करून देऊ नका. पायाची कमान उचलण्यासाठी टाच आतल्या अंगाने पुढे वाढवण्याची थॉमस हील नावाची जुनी पद्धत आहे, पण ती माणूस तपासून ठरवायची असते.

गोदीकर:

वास्कोला जहाजबांधणीच्या क्षेत्रात सुरक्षा विभागात काम करत असल्यामुळे स्वयंपाकघराच्या बुटांविषयीच लिहितो.

घसरण्याची आंतरराष्ट्रीय चाचणी आयएसओ 13287 या मानकाप्रमाणे होते, आणि तिच्यात टाच जमिनीशी सात अंशांचा कोन करून टेकवली जाते. कलबूतकाकांनी सांगितलेला मागचा उतार याच कोनाच्या आसपासचा आहे, हे लक्षात घ्यावे. चाचणी साबणाच्या पाण्याने भिजवलेल्या सिरॅमिक टाइलवर आणि ग्लिसरीन लावलेल्या पृष्ठभागावर करतात. जुन्या मालावर या चाचण्यांसाठी अनुक्रमे एसआरए, एसआरबी किंवा दोन्ही उत्तीर्ण झाल्यास एसआरसी अशी खूण असते. सुरक्षा पादत्राणांच्या आयएसओ 20345 या मानकाच्या 2021 च्या आवृत्तीत ती पद्धत बदलली असून साबणाच्या टाइलची चाचणी सर्वांना सक्तीची आहे आणि ग्लिसरीनची ऐच्छिक चाचणी उत्तीर्ण झाल्यास एसआर अशी खूण येते. नुसते ‘अँटी-स्लिप’ छापलेले असेल, तर त्यातून काहीच कळत नाही. तयार टिपेची शीट घेताना पुरवठादाराकडे चाचणीचा अहवाल मागावा.

ओल्या जमिनीवर पकड जाते ती मुख्यतः टाच आणि फरशी यांच्यामध्ये द्रवाचा पातळ थर अडकल्यामुळे. हा थर बाहेर पडायला वाट हवी. त्यासाठी खाचा निदान दोन मिलिमीटर रुंद असाव्यात आणि त्या टाचेच्या कडेपर्यंत उघड्या असाव्यात. कडेला बंद असलेली नक्षी दिसायला सुरेख असते, पण पाणी आतच कोंडून ठेवते. खाचांच्या कडा गोलसर नव्हे, धारदार हव्यात. याच कारणामुळे झिजून गुळगुळीत झालेला कोपरा सर्वांत धोकादायक ठरतो: नेमका पहिला स्पर्श जेथे, तेथे द्रवाला वाट उरलेली नसते. खाचेच्या तळाशी वेगळ्या रंगाचा थर ठेवला, तर तो दिसू लागताच टिप बदलायची, हे कोणालाही समजेल. हॉटेलवाल्यांना हे दाखवून द्या. त्यांना नियम हवा असतो.

तेल असेल तेथे नायट्राइल रबर घ्यावे, कारण साधे रबर तेलाने फुगते आणि मऊ पडते. भोजनगृहासाठी फरशीवर काळे डाग न सोडणारे रबर मागून घ्या. भांडारात शिडीवर चढावे लागत असेल, तर टाचेची पुढची उभी बाजू तिरकी न ठेवता काटकोनाच्या जवळ आणि निदान 10 मिलिमीटर उंच ठेवा, म्हणजे पाय शिडीच्या दांड्यावरून पुढे निसटत नाही. घोडेस्वाराच्या बुटाला टाच आली ती रिकिबीत पाय अडकून राहावा म्हणून. येथे काम तेच आहे.

कपाटात भुगा झालेल्या टाचा पॉलियुरेथेनच्या असणार. हवेतील बाष्प त्या पदार्थाच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडते, याला हायड्रोलिसिस म्हणतात, आणि आपल्याकडच्या दमट उष्ण हवेत ते वेगाने होते. बूट वापरला नाही म्हणून टिकेल, हा हिशेब येथे लागू पडत नाही. पॉलिएस्टर जातीचे पॉलियुरेथेन यात लवकर जाते, पॉलिइथर जातीचे पुष्कळ तग धरते. पुरवठादार जात सांगू शकत नसेल, तर रबरच घ्या. वजन थोडे वाढेल, पण बूट भांडारात पडून राहिला तरी टाच शाबूत राहील.

फोंडेकर:

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. यावरून मी असे ठरवतो आहे: कलबूत 25 मिलिमीटरचेच, चवड्याखाली पाच मिलिमीटर, टाचेचा गाभा कडक रबराचा, टिप सात मिलिमीटरची, मागचा उतार आठ अंशांचा आणि खाचा उतारावरही काढलेल्या, स्वयंपाकघरासाठी टिप नायट्राइलची. भोजनगृहाच्या शूजमध्ये चतुर्थांशाचा कडक तुकडा घालून पाहीन. आता शेवटचा प्रश्न टिप बसवण्याचा आहे. ती चिकटवावी की ठोकावी? पावसाळ्यात आमचे चिकटवलेले तळ सुटण्याचे प्रमाण वाढते.

कलबूत:

दोन्ही करा, पण क्रम आणि हवामान सांभाळून. पावसाळ्यात जोड सुटण्याचे एक कारण असे की सोल्यूशनमधील, म्हणजे चिकटद्रव्यातील, द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतील बाष्प त्यावर बसते. डोळ्यांना ते अंधुक पांढरट झाकेसारखे दिसते. त्यावर टिप दाबली तर वरवर चिकटल्यासारखी वाटते आणि महिन्याभरात सुटते. म्हणून लावण्यापूर्वी गाभा आणि टिप दोन्ही कोमट ठेवा, रबर घासून खरखरीत करून धूळ पूर्णपणे काढा, नायट्राइलला त्याचा योग्य प्रायमर लावा, आणि पॉलियुरेथेन चिकटद्रव्य सुकल्यावर उष्णतेने पुन्हा जागे करून मगच दाब द्या. पंखा लावून सुकवण्याची घाई करू नका, पंखा दमट हवाच त्यावर ढकलतो. जमले तर त्या खोलीत डिह्युमिडिफायर ठेवा. पूर्ण वर्कशॉपसाठी नको, केवळ चिकटवण्याच्या कोपऱ्यापुरता.

खिळे पितळी घ्या. लोखंडी खिळा आपल्या खाऱ्या हवेत गंजतो, फुगतो आणि भोवतालचे रबर सैल करतो. प्रत्येक टिपेला पाच खिळे कडेपासून आठ-दहा मिलिमीटर आत ठोका. मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यात मात्र खिळा ठेवू नका, कारण तेथली झीज सर्वांत आधी खिळ्यापर्यंत पोहोचते आणि पितळेचे डोके ग्रॅनाइटवर घसरते. डोकी पृष्ठभागाच्या निदान तीन मिलिमीटर खाली गेली पाहिजेत. पुढे टिप बदलताना चिमट्याने खिळे ओढून कोमट हवेने जोड मऊ केला की जुनी टिप गाभ्याला धक्का न लावता निघते. मात्र नवे खिळे जुन्या भोकांत ठोकू नका, प्रत्येक वेळी जागा पाच-सहा मिलिमीटर सरकवा आणि जुनी भोके चिकटद्रव्याने बुजवून घ्या, नाहीतर त्यांतून पाणी वर चढेल.